मान खुर्चीचा आणि शब्दाचा



ग्रामसभेत सरपंचबाई येताच पुरुषमंडळी अदबीने उठतात आणि ‘ताई, बसा’ म्हणत खुर्ची पुढे करतात. ही रीत चांगलीच आहे. परंतु ठरावाचा विषय निघाला की सर्वांच्या नजरा त्यांच्या यजमानांकडे वळतात. त्या क्षणी ते सौजन्य पोकळ ठरते.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. कायद्याने खुर्ची दिली. त्या खुर्चीवरून उच्चारलेला शब्द मानणे हे मात्र समाजाचे काम आहे.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. अधिकाऱ्यांनी कागद सरपंचबाईंनाच समजावून सांगावा. सदस्यांनी प्रश्न त्यांनाच विचारावा. शिक्षकांनी वर्ग झाडण्याचे काम मुलींना आणि बाके उचलण्याचे काम मुलांना, अशी वाटणी न करता दोन्ही कामे दोघांना द्यावीत. सभेच्या दिवशी घरच्या पुरुषांनी चूल सांभाळावी.

स्त्रीला दुबळी मानून दाखविलेली अदब ही दया होय. तिचे मत विचारात घेणे हाच खरा आदर होय.