स्वस्तातली जुनी मोटार

बैलबाजारात आपण बैलाचा नुसता रंग आणि शिंगं पाहत नाही. तोंड उघडून दात पाहतो. मोटारीच्या बाबतीत मात्र भलेभले रंगालाच भुलतात. त्यातून ती शर्यतीच्या घाटाची, ठेंगणी, चपळ मोटार असली, म्हणजे तर विचारूच नका.

जर्मनीच्या पोर्श कंपनीने १९८२ ते १९९१ या काळात ‘९४४’ नावाची अशी एक मोटार काढली. दीड लाखाहून अधिक गाड्या तयार झाल्या. पुढे युरोप-अमेरिकेत त्या जुन्या बाजारात उतरल्या, तेव्हा बेताच्या मिळकतीच्या हौशी माणसालाही त्या परवडू लागल्या. गाडीची किंमत उतरली. सुट्या भागांचा आणि मजुरीचा खर्च मात्र पोर्शचाच राहिला. सारी गोम इथे आहे.

या गाडीच्या इंजिनावर एक दातेरी रबरी पट्टा असतो. व्हॉल्व केव्हा उघडायचे, केव्हा मिटायचे, हे त्याच्यावर अवलंबून. आता आपल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला तर काय होतं? गिरणी थांबते. नवा पट्टा चढवला की दळण पुन्हा सुरू. इथे तसं नाही. पट्टा तुटला की उघडे व्हॉल्व उघडेच राहतात, खालून पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतात आणि व्हॉल्व वाकतात. एका पट्ट्यापायी इंजिन खोलण्याची पाळी! पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो; तो अडकला तरी संकट पट्ट्यावरच. म्हणून जाणता मिस्त्री पट्ट्याबरोबर पंपही बदलायला सांगतो. ती त्याची लबाडी नव्हे.

विकणारा म्हणतो, “साहेब, गाडी फारशी धावलेलीच नाही.” हे ऐकून हुरळून जाऊ नये. रबर उभ्या गाडीतही वाळतं, चिरतं.

क्लचचीही तीच कथा. क्लच प्लेट बदलताना ट्रॅक्टर मधोमध सोडवलेला तुम्ही पाहिला असेल. या मोटारीत इंजिन पुढे, गिअरपेटी मागे आणि दोहोंना जोडणारी लांब नळी मध्ये. धुराची नळी उतरवा, गिअरपेटी काढा, मधली नळी मागे सरकवा, तेव्हा कुठे प्लेट हाताला लागते. मजुरीचे तास मोजतानाच छाती दडपते.

तेव्हा परदेशी असलेल्या तुमच्या मुलाला किंवा भाच्याला अशा गाडीचा मोह पडला, तर पट्टा बदलल्याचं तारखेचं बिल आधी मागायला सांगा. बिल नसेल तर पट्टा जुनाच आहे असं धरावं आणि तेवढा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत.

आपल्याकडे कोणतीही जुनी मोटार घेताना कागदांचा खर्चही धरावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. तिची फी १ एप्रिल २०२२ रोजी ६०० रुपयांवरून एकदम ५,००० रुपयांवर गेली. शिवाय गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. तिथे दिवे, ब्रेक आणि धूर पाहतात. रंग कोणी विचारत नाही.