तिसऱ्या चाकाची गोष्ट



कामगार संघटनेच्या माणसाने लष्करी मोटारसायकलींवर का बोलावे, असे आपणांस वाटेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि मागाशेजारीच अधिक झाले. मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला कोणतेही यंत्र दिसले की दोन प्रश्न सुचतात : हे चालते कसे, आणि हे केले कोणी?

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी क्लायनो मोटारसायकलीला साइडकार जोडून तीवर व्हिकर्स मशीनगन बसविली. पण सैन्ये खंदकांत रुतली आणि या गाड्यांना धावायला मैदानच उरले नाही. शिवाय एक मूळचे व्यंग होते. इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकाला. साइडकारचे चाक नुसते ओढले जाई. चिखलात मागचे चाक जागीच फिरे आणि गाडी तिथेच.

मग तिसऱ्या चाकालाही जोर द्यावा, हे ओघानेच आले. १९३८ पासून नॉर्टनने आपल्या ६३३ सी.सी.च्या 'बिग फोर'मध्ये तशी सोय केली. पण आपली बैलगाडी आठवा. वळताना बाहेरचे चाक अधिक धावते, आतले कमी. दोन्ही चाके आसावर मोकळी असतात म्हणून ते जमते. नॉर्टनमध्ये दोन्ही चाके एकदा जोडली की एकाच वेगाने फिरत. चिखलात ठीक, पक्क्या रस्त्यावर मात्र गाडी वळायला कबूल होत नसे. म्हणून तिथे जोड सोडावी लागे.

जर्मनांनी ही अडचण डिफरन्शियल घालून सोडविली. १९४१ पासून निघालेली बी.एम.डब्ल्यू. आर ७५ पाहा : ७४५ सी.सी., २६ अश्वशक्ती, मागे जाण्याचाही गिअर, आणि चिखलात डिफरन्शियल बांधून टाकण्याची सोय. झुंडापची के.एस. ७५० हीही त्याच जातीची. आफ्रिकेच्या वाळूने इंजिने खाल्ली, तेव्हा आर ७५ ची हवेची गाळणी खालून उचलून पेट्रोलच्या टाकीवर बसविली. कापसाची धूळ यंत्रात शिरली की काय होते, हे इथे कोणाला सांगायला नको!

कारागिरी उत्तम, यात वाद नाही. आता माझा दुसरा प्रश्न. १९४२ मध्ये हे काम आयझेनाखच्या कारखान्यात नेले. तिथे सक्तीने आणलेले परदेशी मजूर राबत, आणि १९४४ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीचे कैदीही आले. मजुरी नाही, रजा नाही, नकार देण्याची तर सोयच नाही. यंत्राच्या पुस्तकांत अश्वशक्ती छापतात. ही माणसे मात्र तळटीपेतही क्वचितच सापडतात.

रशियनांनी आर ७१ या साध्या नमुन्यावरून एम-७२ केली. तिच्या तिसऱ्या चाकाला जोर नव्हता, पण घडण सोपी होती. १९४१ च्या अखेरीस जर्मन मॉस्कोजवळ आले, तेव्हा तिथला कारखाना उरल पर्वतापलीकडे इर्बिटला हलविला, तोही बिअर बनविण्याच्या इमारतीत. तिथून युद्धकाळात नऊ हजारांहून अधिक गाड्या आघाडीवर गेल्या.

या सगळ्यांवर मात केली ती जीपने. चारही चाकांना जोर, माणसे अधिक, सामान अधिक. शिवाय ती चालवायला मोटारसायकलस्वाराची कसरत लागत नसे. विलीस आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीपा निघाल्या. युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली, आणि तीच पुढे आपल्या आग्रा रोडवरून धावू लागली.

लष्करी मोटारसायकली मात्र लिलावात गेल्या. दिल्लीत त्यांना मागे बाकडी जोडून 'फटफटी' नावाचे भाड्याचे वाहन झाले. मशीनगनच्या जागी बाजारहाट करणारी माणसे बसली, आणि १९९८ साली बंद होईपर्यंत त्या फटफट्या चांदणी चौकात उतारूंची ने-आण करीत होत्या.