घटनेच्या मागच्या पानांवर खोती आणि कुलकर्णी वतन

(संविधान दिनानिमित्त एका वाचनालयांत केलेलें भाषण)



संविधान दिन आला कीं शाळांतून प्रश्नोत्तरांच्या स्पर्धा होतात. घटना समितीची पहिली बैठक कधीं भरली? ९ डिसेंबर १९४६. मूळ घटनेंत कलमें किती? ३९५. मूळ इंग्रजी प्रत हातानें कोणी लिहिली? प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनीं. मुलें हें पाठ करतात, बक्षिसें मिळवितात; आम्हांस त्याचा आनंदच आहे. परंतु घटनेच्या मागच्या पानांवर काय लिहिलें आहे, हें त्यांस कोणी विचारीत नाहीं. आज आम्ही तेवढेंच सांगणार आहों.

घटना २६ जानेवारी १९५० ला अंमलांत आली आणि दीड वर्षाच्या आंतच, १८ जून १९५१ रोजीं, तिची पहिली दुरुस्ती झाली. एवढी घाई कां?

मद्रासेंत कॉलेजांतील जागांबद्दल एक जुना सरकारी हुकूम होता. दर चौदा जागांपैकीं सहा ब्राह्मणेतर हिंदूंस, दोन मागासलेल्या हिंदूंस, दोन ब्राह्मणांस, दोन हरिजनांस, एक मुसलमानांस आणि एक ख्रिस्ती व अँग्लोइंडियनांस. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण बाईंनीं त्याविरुद्ध दाद मागितली. मौज अशी कीं, बाईंनीं मेडिकल कॉलेजाकडे प्रवेशाचा अर्जच केला नव्हता! ९ एप्रिल १९५१ रोजीं सुप्रीम कोर्टानें तो हुकूम रद्द ठरविला. कोर्टाचें म्हणणें असें कीं, नोकऱ्यांच्या १६ व्या कलमांत मागासवर्गांसाठीं तरतूद आहे, पण शाळाकॉलेजांतील प्रवेशाच्या २९ व्या कलमांत तशी नाहीं. म्हणजे नोकरीचें दार उघडें आणि शाळेचें बंद. शिकल्यावांचून नोकरीवर जाणार कोण? तेव्हां १५ व्या कलमास चौथें पोटकलम जोडावें लागलें. आज आपलीं मुलें राखीव जागांवर कॉलेजांत बसतात तीं त्याच्या आधारावर.

आतां जमिनीकडे वळूं. मार्च १९५१ मध्यें पाटणा हायकोर्टानें बिहारचा जमीनदारी मोडणारा कायदा रद्द केला होता. असे कायदे कोर्टांत टिकावे म्हणून त्याच दुरुस्तीनें नववी अनुसूची निर्माण केली. तींत पहिल्यानें तेरा कायदे घातले, आणि त्यांपैकीं सहा एकट्या मुंबई इलाख्याचे! दुसरा क्रमांक आपल्या १९४८ च्या कुळकायद्याचा. सहावा खोती नाहींशी करणारा. सातवा परगणा व कुलकर्णी वतनें खालसा करणारा.

कोंकणांतल्या कुळांस खोत म्हणजे काय हें सांगावयास नको. जमीन कसावी कुळानें आणि सारा वसूल करावा खोतानें, वर वेठबिगार निराळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं खोती मोडण्याचें बिल मुंबईच्या कायदेमंडळांत आणलें. तें पास झालें नाहीं. पहिली दुरुस्ती पंडित नेहरूंनीं मांडली त्या वेळीं कायदेमंत्री कोण होते? तेच आंबेडकर. कुलकर्णी वतनाचेंही तसेंच. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१८ मध्येंच तें बंद करून तलाठी नेमले. मुंबई इलाख्यास तेथवर येण्यास आणखी तीस वर्षांवर लागलीं.

एवढें सांगून गप्प बसणें मात्र प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. याच दुरुस्तीनें भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांचीं कारणें वाढविलीं, आणि लेखणीवर जगणाऱ्या आम्हांस तें आजही खटकतें. शिवाय कुळांसाठीं उघडलेल्या या अनुसूचींत पुढें सरकारें वाटेल तें भरूं लागलीं. तेराचे २८४ झाले! शेवटीं ११ जानेवारी २००७ रोजीं सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, २४ एप्रिल १९७३ नंतर तींत घातलेले कायदे घटनेच्या मूळ चौकटीशीं ताडून पाहतां येतील. आमच्या मतें तें योग्यच झालें. कुळाचें कवच दुसऱ्याच कोणी अंगावर चढवूं नये. खोतीचा कायदा त्या तारखेच्या कितीतरी आधींचा आहे, हेंही ध्यानांत धरावें.

घटनेचें पुस्तक येथें टेबलावर ठेवलें आहे. सहावी आणि सातवी नोंद ज्यांस स्वतः वाचावयाची असेल, त्यांनीं सभा आटोपल्यावर पुढें यावें.