घासण्याआधी थांबा



गावच्या घरात आजोबांचं सागवानी जेवणाचं टेबल पडून आहे?
ते स्वतः दुरुस्त करायचंय?
मग लगेच पॉलिश पेपर हातात घेऊ नका.

आधी टेबल पुसा.
घट्ट पिळलेल्या फडक्यानं.
पुष्कळदा काळपटपणा म्हणजे नुसता मळच असतो.

मग आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा बोळा टेकवा.
थर चिकट झाला, तर ते लाखेचं पॉलिश.
आणि ही मोठीच सोय!
लाखेचा नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो.
म्हणजे सगळं खरवडायची गरज नाही.
मात्र लाखेला उष्णता सोसत नाही.
गरम पातेल्याखाली चटई हवीच.

पाय डुगडुगतोय?
खिळा ठोकू नका, लाकूड चिरतं.
सांधा सोडवा.
जुना सरस काढा, नवा लावा.
रात्रभर आवळून ठेवा.

पुन्हा सांगते, घासणं सर्वांत शेवटी.
तेही लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, हलक्या हातानं.
वर व्हिनियर, म्हणजे चिकटवलेला पातळ लाकडी पापुद्रा असेल, तर मशीन नकोच.

आणि जवसाचं तेल वापरलंत,
तर तेलकट फडकी चुरगाळून ठेवू नका.
ती आपोआप पेट घेऊ शकतात.
उघड्यावर, सुटी पसरून वाळवा.