स्मृतिभ्रंश आणि कुटुंबाची पूर्वतयारी
(भोपाळ येथील मराठीभाषक कुटुंबांसाठी दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि नागपूरकडील अनेक मराठी कर्मचारी सहकुटुंब येथे आले. त्या पिढीतील जी वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत, ती ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या सेवेचा विचार करताना स्मृतिभ्रंश या विकाराची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून आपण या आजाराला वयाच्या खाती घालतो आणि उपचार लांबणीवर टाकतो. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे वेगळे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार, भारतात साठ वर्षांवरील शंभरांपैकी सुमारे सात व्यक्तींना हा विकार आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार असून तो पूर्णपणे बरा होत नाही. तथापि थायरॉईडचे दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा खिन्नता यांमुळे येणारे विस्मरण उपचारांनी सुधारू शकते. यास्तव प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

निदान होताच व्यवहाराची घडी बसवावी. मृत्युपत्र, वारसनोंद, बँकेचे संयुक्त खाते ही कामे वडिलांची वा आईची समज शाबूत असतानाच, त्यांच्या इच्छेनुसार पूर्ण करावीत. साधे मुखत्यारपत्र व्यक्तीची आकलनशक्ती गेल्यावर कायद्याने टिकत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळते.

घरात दिनक्रम ठरलेला असावा. स्वयंपाकाच्या गॅसवर लक्ष असावे, न्हाणीघरात धरण्यास दांडी असावी, आणि खिशात नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. आजोबा स्वतःच्याच घरात बसून “मला घरी जायचं आहे,” म्हणू लागले, तर “हेच तुमचं घर,” असा वाद घालू नये. त्यांना त्या घराविषयी बोलू द्यावे. बोलता बोलता मन शांत होते.

येथे आपल्या कुटुंबांची एक विशेष अडचण आहे. या आजारात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी मावळते आणि मातृभाषा अधिक काळ टिकते. आजीला हिंदी सुचेनासे होते, आणि नातवंडांना तर हिंदीच येते. तहान, भूक, दुखणे, भीती एवढे कळण्यापुरती मराठी नातवंडांनी आजच शिकावी. ती पुढे औषधाइतकीच उपयोगी पडेल.

अखेरचा मुद्दा शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचा. बहुतेक घरांत हा भार एकट्या सुनेवर किंवा वृद्ध पत्नीवर पडतो. मुलगे, लेकी, जावई यांनी आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. दूर राहणाऱ्यांनी खर्चाचा वाटा उचलावा व सुटीत येऊन मुख्य शुश्रूषकास विश्रांती द्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे शासकीय दूरध्वनी क्रमांक आहेत. ते घरात दर्शनी जागी लिहून ठेवावेत.

ज्याला आपले नाव आठवत नाही, त्यालाही आपल्या आवाजातील माया कळते. ती माया थकू नये, एवढ्यासाठीच ही तयारी.