भातुकलीची शिस्त



ज्युबिलीच्या या मेळाव्यांत एवढ्या वडीलधाऱ्या माणसांपुढें भातुकलीविषयीं बोलणाऱ्या पाद्र्याचें कोणास हसूं आल्यास मी दोष देणार नाहीं. परंतु लहान मुलास मन आवरण्यास व वांटून घेण्यास शिकविणारी याहून सुगम शाळा मला तरी आढळली नाहीं.

सावंतवाडीच्या लांकडी चुलीवरून दोन मुलींचें भांडण जुंपलें म्हणजे आपण काय करितों? ‘दे पाहूं तिला!’ म्हणून दरडावितों. मींहि कित्येक वर्षें हेंच केलें. चूल एकीच्या हातांतून दुसरीच्या हातांत जाई. देणारीच्या मनांत मात्र राग तेवढा राही. एका दुपारीं न रागावतां मी त्यांच्या खडूनें आंखलेल्या घराच्या दारांत उभा राहिलों व म्हणालों, ‘यजमानीणबाई, पाहुणा आला आहे, चहा मिळेल काय?’ दोघी क्षणभर थबकल्या. मग एकीनें चूल पेटविली, दुसरीनें बोळक्यांत चहा ओतला. चुरमुरे मात्र खरे होते; तेहि आधीं पाहुण्यास, मग बाहुलीस आणि शेवटीं स्वतःस! आई शेवटीं जेवते, हें त्यांनीं घरीं पाहिलेलें होतें. (आईनें नेहमीं शेवटींच कां जेवावें, हा प्रश्न बापांनीं घरीं जाऊन सोडवावा.)

रशियांतील मानसशास्त्रज्ञ व्हिगॉत्स्की यांनीं १९३३ सालीं लेनिनग्राड येथील व्याख्यानांत हेंच मर्म उकललें. खेळांत मूल मनास येईल तें करितें, असा आपला समज. वस्तुतः पत्करलेल्या भूमिकेचा नियम तें निमूटपणें पाळतें. साखरेची गोळी ही खेळापुरती खाण्याची वस्तु नव्हे असें एकदां ठरलें, कीं हातांत असूनहि तें ती तोंडांत घालीत नाहीं. त्याच देशांतील मनुयिलेंको यांच्या १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ‘स्तब्ध उभा राहा’ अशा नुसत्या आज्ञेपेक्षां पहारेकऱ्याची भूमिका मिळाल्यावर मुलें अधिक वेळ स्तब्ध राहिलीं. अगदीं लहानग्यांत फरक थोडाच पडला. तेव्हां घाई नको.

खर्चहि नको. करवंटी, चिंचोके, जुनें लुगडें पुरे. दुकान मांडूं द्या; गिऱ्हाइकास आपली पाळी येईपर्यंत थांबावेंच लागतें. सायंकाळीं तीच यजमानीणबाई धाकट्या भावाचा लाडू हिसकावील, तरी निराश होऊं नका. दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाहुणे होऊन जा. जातांना पायतण मात्र रेघेबाहेर काढा. परवां मी विसरलों, तेव्हां मला परत पाठवून पुन्हां दारापासून यावयास लावलें.