शास्त्राभ्यास आणि परीक्षकाची नजर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गणेशोत्सवाच्या, नाटकांच्या आणि वाचनालयाच्या आठवणी निघाव्यात हे ओघानेच आले. त्या मैफलीत मराठी ख्रिस्ती माणसांच्या शास्त्राभ्यासाला वाहिलेल्या एका छोट्या ऑनलाइन पत्रिकेविषयी बोलण्यास आम्हां संपादकांना पाचारण व्हावे, याचे प्रथम आम्हांस नवल वाटले. पुढे विचार करता असे ध्यानात आले की, या विषयाचा कोलकात्याशी असलेला संबंध पुष्कळ जुना आहे आणि तो आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसावा. तेव्हा तेथूनच आरंभ करतो.

येथून हुगळीच्या काठाने उत्तरेस गेले की पलीकडच्या तीरावर श्रीरामपूर लागते. हे श्रीरामपूर बंगालचे. नगरकडच्या श्रोत्यांनी आपल्या श्रीरामपुराशी गल्लत करू नये! दोनशे वर्षांपूर्वी ते डेन्मार्कच्या ताब्यात होते. तेथील छापखान्यातून विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली मोडी लिपीतील मराठी शब्दांचा कोश आणि १८११ साली मराठी नवा करार प्रसिद्ध केला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. या कामी त्यांना साहाय्य केले ते वैजनाथ पंडितांनी. म्हणजे मराठी मुद्रणाचा एक आरंभ मराठी मुलखापासून सुमारे हजार मैलांवर, घरापासून दूर आलेल्या एका मराठी माणसाच्या आधाराने झाला. आपणां सर्वांना त्या पंडिताविषयी आपुलकी वाटावी, अशीच ही गोष्ट आहे.

परंतु १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ते भाषांतर पुरेसे वाटले नाही. त्यांनी आपले स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. कॅरींच्या उद्योगाला तोड नव्हती. आमच्या मते उणीव होती ती निराळीच. मजकूर छापण्यापूर्वी तो वाचून ‘असे आमच्याकडे कोणी बोलत नाही’ किंवा ‘येथे मूळ अर्थ सुटला’ असे निर्भीडपणे सांगणारी दहा-वीस मराठी माणसे श्रीरामपुरी मिळणार कोठून? आमच्या पत्रिकेची सारी कहाणी या एका उणिवेभोवती फिरते.

मराठी ख्रिस्ती समाजाला नियतकालिकांचे वावडे कधीच नव्हते. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली अहमदनगरास निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याच्या मराठी विभागाची धुरा वाहिली. ‘निरोप्या’ हे कॅथलिक मासिक १९०३ सालचे. वसईच्या ‘सुवार्ते’ला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षे वाहून घेतले, आणि त्यांचे ‘सुबोध बायबल’ ख्रिस्तीतर वाचकांच्याही घरी पोहोचले. ही सर्व समाजाची मासिके. बातमी, प्रवचन, कविता, मृत्युलेख यांना त्यांत जागा असावी लागते, आणि एका समर्थ संपादकाच्या नजरेवर त्यांचा दर्जा टिकतो. अभ्यासपत्रिका ही जातच वेगळी. तेथे संपादकाची आवड पुरत नाही. लेखकाच्या बरोबरीचा अभ्यास असलेल्या दोघांनी लेख तपासावा, त्यांना लेखकाचे नाव कळू नये, लेखकाला त्यांचे नाव कळू नये, आणि आक्षेपांची उत्तरे मिळाल्यावाचून लेख प्रसिद्ध होऊ नये, असा तिचा दंडक. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठातून १९९६ साली ‘जर्नल ऑफ हिब्रू स्क्रिप्चर्स’ नावाची पत्रिका संगणकाच्या जाळ्यावर निघाली. कागद नाही, वर्गणी नाही, पण परीक्षण मात्र छापील पत्रिकेइतकेच कडक. अशी काही पत्रिका मराठीत का असू नये, या प्रश्नातून आमचा उद्योग सुरू झाला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. परीक्षण म्हणजे धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा नव्हे. कॅथलिक परंपरेत ग्रंथ छापण्यापूर्वी बिशपांची अनुमती घेण्याची पद्धत शतकानुशतके आहे. ती अनुमती एवढेच सांगते की, या ग्रंथात श्रद्धेला बाधक असे काही नाही. परीक्षकाचा प्रश्न याहून अगदी निराळा असतो: हा पुरावा या निष्कर्षाला पेलतो काय? श्रद्धेला मुळीच बाधा न आणणारा लेखही पुराव्याअभावी परत जाऊ शकतो. हे समजावून सांगता सांगता आमची निम्मी शक्ती खर्च होते.

आता नावे झाकण्याविषयी. मोठ्या विद्यापीठीय जगात ते साधते. आपल्या समाजात मात्र नाव खोडले तरी भाषा बोलते. ‘मिस्सा’ आणि ‘फादर’ असे शब्द आले की लेखक कॅथलिक. ‘प्रभुभोजन’ आणि ‘पाळक’ आले की प्रॉटेस्टंट. स्तोत्राचा क्रमांक जुन्या लॅटिन परंपरेप्रमाणे एकाने मागे पडला, तरी परीक्षक गालातल्या गालात हसतो. वसईच्या माणसाचे वाक्य वसईचे असते आणि नागपूरच्याचे नागपूरचे. हिब्रू आणि ग्रीक या दोन्ही भाषा जाणून मराठीत लिहिणारे इतके थोडे की, बहुतेक सगळे एकमेकांच्या घरी जेवलेले. त्यावर आम्ही काढलेला उपाय साधा आहे. कॅथलिक लेखकाचा एक परीक्षक प्रॉटेस्टंट असावा, प्रॉटेस्टंटाचा एक कॅथलिक असावा. एका परंपरेचे बायबल ७३ ग्रंथांचे, दुसऱ्या परंपरेचे ६६ ग्रंथांचे. तरी शब्दाचा धातू आणि हस्तलिखिताचे वय या बाबतीत दोघांची मोजपट्टी एकच असते. आजवरची आमची सर्वांत काटेकोर परीक्षणे पलीकडच्या परंपरेतूनच आलेली आहेत.

या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती यशयाच्या सातव्या अध्यायातील चौदाव्या वचनावर. एका ज्येष्ठ पाळकांनी त्यावर विस्तृत लेख पाठविला. आमच्यापैकी एकाचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातून झालेला आहे. तेथील हिब्रू शब्दाचा ‘कुमारिका’ याखेरीज दुसरा अर्थच संभवत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. परीक्षकांनी दाखवून दिले की मूळ शब्द ‘अल्मा’ असा आहे आणि त्याचा अर्थ तरुण स्त्री. कौमार्य नेमके सांगायचे तेव्हा हिब्रूत सहसा ‘बतूला’ हा शब्द येतो. ख्रिस्तपूर्व काळात झालेल्या ग्रीक भाषांतरात तेथे ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारिका, हा शब्द आला, आणि मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात ते ग्रीक वाचन घेतले. १९४७ साली मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडलेल्या यशयाच्या गुंडाळीतही ‘अल्मा’च आहे. परीक्षकांनी श्रद्धा सोडा असे म्हटले नव्हते. यशयाने काय लिहिले आणि मत्तयाने त्यात काय वाचले, हे दोन प्रश्न वेगळे मांडावेत, एवढीच त्यांची मागणी होती.

लेखकाचे उत्तर आले. ‘आयुष्यभर नाताळात मी या वचनावर प्रवचन केले, आता मला कोण तपासणार?’ हे वाक्य आम्ही हसण्यावारी नेले नाही. १९५२ साली अमेरिकेत नव्या इंग्रजी भाषांतरात या ठिकाणी ‘तरुण स्त्री’ असे छापले गेले, तेव्हा एका धर्मोपदेशकाने ते पान जाहीरपणे जाळले होते. त्यामानाने आमच्या पाळकांनी केवळ पत्र लिहिले, हा त्यांचा सौम्यपणाच म्हटला पाहिजे. त्यांचा लेख आणि परीक्षकाचे टिपण शेजारी शेजारी देऊ, असे आम्ही सुचविले. ते त्यांना मान्य झाले नाही. लेख जसाच्या तसा छापावा तर यापुढे परीक्षण हा देखावा ठरला असता. न छापावा तर एक वडीलधारा माणूस आणि त्याच्या शब्दावर चालणारे कित्येक वाचक दुरावणार हे उघड होते. आम्ही तो छापला नाही. एका मंडळीने आमच्या पत्रिकेची सूचना आपल्या फलकावरून उतरविली ती आजतागायत पुन्हा लावलेली नाही. स्वतः पाळकसाहेब मात्र प्रत्येक अंक निघाला की आमच्या मुद्रणदोषांची यादी न चुकता धाडतात, आणि ती यादी बहुधा बिनचूक असते.

श्रोत्यांपैकी बहुतेकांना हा वाद परक्या घरचा वाटेल. तो तसा नाही. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहून पाठ शुद्ध केला, कारण माउलींच्या ग्रंथात कोणी आपल्या पदरची ओवी घुसडावी हे त्यांना खपत नव्हते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या पंडिताने तिला आयुष्य वेचले, आणि लोकांच्या तोंडी असलेले कित्येक श्लोक मूळ संहितेतून खाली तळटीपांत गेले. त्यामुळे कोणाच्या देवघरातली पोथी उठली असे आम्ही ऐकलेले नाही. मार्काच्या शुभवर्तमानाचे अखेरचे बारा चरण दोन अत्यंत प्राचीन हस्तलिखितांत नाहीत असे लिहिले की आमचे काही वाचक अस्वस्थ होतात. त्यांना आम्ही नाथांचे हे उदाहरण देतो. ते मराठी कानाला लवकर पटते.

विद्वानांच्या दोन परीक्षकांखेरीज आम्ही तिसरा एक वाचक नेमतो. त्याला हिब्रू येत नसावे, ग्रीक येत नसावे, मराठी मात्र चोख यावी. ही कल्पना आम्हांला पंडिता रमाबाईंच्या कामावरून सुचली. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. तेथल्याच छापखान्यात, तेथल्याच मुलींनी खिळे जुळविले. एवढी संस्कृत जाणणारी विदुषी, पण अडाणी बाईला कळेल असे सोपे मराठी असावे हा त्यांचा ध्यास होता. आमचा तिसरा वाचक त्या बाईच्या वतीने वाचतो. कधी तो निवृत्त शिक्षक असतो, कधी बँकेतील अधिकारी, कधी गृहिणी. ‘हे वाक्य मी तीनदा वाचले’ एवढा त्याचा शेरा आला तरी लेख लेखकाकडे परत जातो.

पैशाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, कारण पैसे नाहीतच. परीक्षकांस मानधन नाही, वाचकास वर्गणी नाही. तांत्रिक अडचणी मात्र पुष्कळ. हिब्रू उजवीकडून डावीकडे धावते आणि देवनागरी डावीकडून उजवीकडे. एका ओळीत दोघी आल्या की विरामचिन्हे कोठे जाऊन बसतील याचा नेम नाही. जुन्या फाँटमध्ये टंकलेले लेख युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात, आणि मग कोणी तरी रात्री बसून ती एकेक करून सांधतो. नियतकालिकाला मिळणारा आठ अंकी आयएसएसएन क्रमांक हा दर्जाचा दाखला असल्याचा समज सर्वत्र आहे. तो निव्वळ ओळखक्रमांक होय. मोठी चिंता वेगळीच. कागदावरचा अंक कोणाच्या तरी माळ्यावर शंभर वर्षे पडून राहतो; संगणकावरचा अंक संकेतस्थळाचे भाडे थकले की एका दिवसात नाहीसा होतो. आल्बर्टाच्या पत्रिकेचे अंक कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन केले. आम्ही प्रत्येक अंकाच्या प्रती कागदावर काढून काही ग्रंथालयांना पाठवितो, त्या याच कारणास्तव.

आता मंडळाकडे आमचे मागणे. परमुलखात पन्नास वर्षे राहून आपण मराठी जतन केली आहे. तिची नजर चोख आहे. आपल्यापैकी जे कोणी तिसरा वाचक होण्यास तयार असतील, त्यांनी सभेनंतर आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत. धर्माची अट नाही. आमच्या सध्याच्या तिसऱ्या वाचकांपैकी दोघे वारकरी घराण्यातले आहेत. मोडी वाचता येणारे कोणी असल्यास त्यांची आम्हांस विशेष निकड आहे. आणि कोणाच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर ‘ज्ञानोदया’चे जुने अंक, रमाबाईंच्या बायबलची प्रत किंवा श्रीरामपूरच्या छापखान्यातील एखादे मराठी पुस्तक असेल, तर ते आम्हांस देऊ नये. आम्ही आपल्या घरी येऊन त्याची छायाचित्रे घेऊ आणि पुस्तक आपल्यापाशीच ठेवून जाऊ. उद्या दुपारपर्यंत आमचा मुक्काम याच शहरात आहे.